तुरळक नावाचं गाव

वर्धेजवळच्या मोठ्या आंजी गावात चैत्र लागला की शकुबाईच्या अंगणात बायकांची ये-जा वाढायची. कोणी विरजण मागायला यायची, कोणी सोऱ्याची जाळी परत द्यायला, तर कोणी उगाचच, पदरानं वारा घेत. पण कडूनिंबाच्या सावलीत टेकली, घोटभर पाणी प्यायली की प्रत्येक बाई शेवटी एकाच गोष्टीवर यायची.

"शकूबाई, गहू भिजवू का वं?"

आपल्या घरचे गहू आपण भिजवायला दुसरीची परवानगी कशाला, असं आंजीबाहेरच्या माणसाला वाटेल. पण त्या माणसानं कधी कुरडया घातलेल्या नसणार. गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदलायचं, मग वाटून त्याचा चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि चौथ्या दिवशी सकाळी घोटून खाटांवर कुरडया घालायच्या. त्या दिवशी कडक ऊन पडलं तर कुरडई मोगऱ्यासारखी पांढरी निघते. नाही पडलं तर चीक आंबतो, कुरडई लाल पडते आणि ती लाल कुरडई वर्षभर प्रत्येक सणाला ताटात येऊन घरच्या बाईला टोमणे खायला लावते. म्हणजे चौथ्या दिवसाचं ऊन आजच ठरवावं लागतं. हे ठरवायचं काम गल्लीनं शकुबाईकडे दिलं होतं. कधी दिलं आणि कोणी दिलं, ते कोणालाच आठवत नव्हतं. शकुबाईला विचारलं असतं तर ‘जन्मापासून’ असंच तिनं सांगितलं असतं.

खरं म्हणजे वर्धेकडच्या चैत्रात ऊन सांगायला फार विद्या लागत नाही. दहा वाजता अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नाही, कुत्री रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडतात आणि कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. डोळे मिटून "ऊन पडन" म्हटलं तरी बहुतेक वेळा खरंच ठरायचं. पण शकुबाई डोळे मिटून काही म्हणत नसे. चहा झाला की ती कमरेवर हात ठेवून अंगणाच्या मधोमध उभी राहायची. चिमण्या धुळीत अंघोळ करताहेत की पाण्यात, ते बघायची. मुंग्यांची रांग कुठून कुठं चालली आहे, तिच्यामागं वाकून वाकून चुलीपर्यंत जायची. शेतावर जाऊन आलेल्या नवऱ्याला विचारायची, "मोहाच्या फुलांचा सडा किती पडला होता आज खाली?" किसनराव म्हणायचे, "मोजला नाई बाप्पा." पण या सगळ्यांत तिचा खरा भरवसा कावळ्यावर. अंगणातल्या कडूनिंबावर दर फाल्गुनात कावळा घरटं बांधायचा. मधल्या बेचक्यात बांधलं तर त्या चैत्रात पाऊस-वादळ येणार, शेंड्याजवळ बांधलं तर कोरडं ऊन. कावळा आपल्या लेकरांच्या बाबतीत खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

या मानाला शकुबाई इतकी जपायची, त्याला कारण होतं. घरात आता तिला कोणी काही विचारत नसे. सून आली तशी चूल सुनेकडे गेली. सुलोचना हाताला चलाख होती, भाकरी पापुद्र्यासारखी करायची. मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, फुलांची भाजी तर अशी करायची की किसनराव बोटं चाटत आणि बायकोकडे बघणं टाळत. मीठ किती, तेल किती, उद्या चून म्हणजे पिठलं करायचं की वांगं, यातलं काही शकुबाईपर्यंत येत नसे. मुलगा बी-बियाणं बापाला विचारी, बाप बैलांचं मुलाला विचारी. एक वर्षभर शकुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "फोडणी जळन", "कणीक सैल झाली" असं सांगत राहिली. सुलोचना गोड आवाजात "हो आत्याबाई" म्हणायची आणि आपल्याला हवं तेच करायची. मग शकुबाईनं तो नाद सोडला. उरलं ते ऊन. वर्षाचे दोन महिने का होईना, बायका तिच्या दारी येऊन तिला विचारायच्या, आणि त्या वेळी सुलोचनेला उठून सगळ्यांसाठी चहा ठेवावा लागायचा.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर सालच्या चैत्रात, शेजारच्या मंदाबाईच्या नलूचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे कारंज्याचे. रुखवतात कुरडयांचा डोंगर मांडायचा, असं मंदाबाईनं मनाशी घेतलं होतं. दरवर्षीच्या दुप्पट गहू तिनं निवडून ठेवला, आणि एका सकाळी ती येऊन कडूनिंबाखाली बसली.

"शकूबाई, आज भिजवू का? इकडे पाह्य, थोडं लक्ष देऊन सांगजो. माह्या नलीच्या रुखवताच्या हायेत."

"मी काय बाकीच्यांले लक्ष न देता सांगतो का?" शकुबाई म्हणाली. पण ती उठली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

त्या दिवशी चिमण्या धुळीत लोळत होत्या. शकुबाईच्या शास्त्राप्रमाणे ही काही चांगली खूण नव्हती. मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून ओसरीच्या खांबावर चढत होत्या, ती तर त्याहून वाईट. पण शकुबाईनं ठरवलं, सुलोचनेनं गुळाचा डबा उघडा टाकला असणार. मग तिनं वर पाहिलं. कावळ्याचं घरटं अगदी शेंड्याजवळ होतं. इतकं उंच तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"भिजव," ती म्हणाली. "बिनधास्त भिजव. यंदा कावळा पाह्य कुठं चढला."

मंदाबाई घुटमळली. तिच्या नवऱ्याचं, मधुकररावांचं, किराणा दुकान होतं आणि दुकानात ट्रान्झिस्टर होता. "पन ह्यायनं काल बातम्या ऐकल्या. विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस, म्हने."

"कुठं?"

"तुरळक ठिकाणी."

शकुबाईनं जरा विचार केला. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, सेलू, सगळी ठिकाणं तिनं मनात फिरून पाहिली. "हे तुरळक कुठं आलं?"

"कोनाले ठाऊक? दर खेपेले त्याचंच नाव घेते तो मानूस. तिथं लय पाऊस पडत असन."

"यवतमाळच्या तिकडं असन कुठं तरी, जंगलात," शकुबाईनं निकाल दिला. "तिथं पडू दे. आंजीचं नाव घेतलं का त्यानं?"

"नाई."

"मंग?"

मंदाबाईनं जाऊन गहू भिजवला. स्वयंपाकघरातली सुलोचना चार यत्ता शिकलेली होती. तिनं हे सगळं ऐकलं आणि चहाच्या कपांत साखर ढवळत राहिली. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायचं नाही हे ती या घरात सासूकडे बघूनच शिकली होती.

दोन दिवस असं ऊन पडलं की शकुबाई विनाकारण तीनदा मंदाबाईच्या दारावरून गेली. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका गहू वाटायला जमल्या. मंदाबाईच्या अंगणात पाटे मांडले होते, कोपरापर्यंत हात पांढरे झाले होते, नलूला चिडवणं चाललं होतं. शकुबाई मधोमध पाटावर बसून चीक गाळणाऱ्यांना सूचना देत होती. फडकं दुहेरी धर. चोथा टाकू नको, त्याच्या भुसवड्या होतात. तिचं सगळं ऐकलं जात होतं. संध्याकाळी पश्चिमेकडं थोडं आभाळ दिसलं तेव्हा एकीनं नुसतं तिकडं बोट केलं. शकुबाई म्हणाली, "ते तुरळकचं हाय."

चौथ्या दिवशी उजाडलंच नाही म्हणा ना. आभाळ तव्याच्या पाठीसारखं काळं आणि हवा गच्च. मंदाबाई भल्या पहाटे पातेल्यातल्या चिकावरचं पाणी ओतून टाकून, चूल पेटवून बसली होती. शकुबाई आली तशी सगळ्या बायकांनी तिच्याकडं पाहिलं.

"काय करू वं?" मंदाबाईनं विचारलं. "घोटू का नको? आज नाई घोटला तं उद्या आंबते."

त्या क्षणी "मले नाई समजत" असं म्हणता आलं असतं. शकुबाईच्या जिभेवर ते आलंही असेल. पण इतक्या बायका, त्यात नलू आणि दारात टेकलेली नलूची आजी, म्हणजे मंदाबाईची सासू. शकुबाई म्हणाली, "घोट. नऊ वाजता उघडते पाह्य."

नऊ वाजता सात खाटा भरून कुरडया घातलेल्या होत्या. नवी धोतरं अंथरलेली, त्यावर ओळीनं गोल, नाजूक, एकसारख्या. नलूनं हौसेनं मधल्या खाटेवर एक मोठी घातली होती, कमळासारखी. साडेनवाला वारा सुटला. शकुबाईच्या कडूनिंबाचा सगळा मोहर मंदाबाईच्या अंगणात आला आणि कुरडयांवर बसला. मग थेंब पडले. बोराएवढे. बायका खाटा धरून ओसरीकडं पळाल्या, दारात दोन खाटा एकमेकींत अडकल्या, त्या सोडवेपर्यंत तिसरीवरच्या कुरडयांचं पिठलं झालं होतं. पाऊस जेमतेम पाव तास पडला. त्यानंतर असं लख्ख ऊन पडलं की जणू कोणी मुद्दाम हसत होतं.

मंदाबाईनं धोतरं गोळा केली, त्यांवरचा चिकट लगदा कोंबड्यांसमोर झटकला. पातेल्यात उरलेला चीक तिनं वाट्यांत घातला, वर जवसाचं तेल आणि तिखट, पोट्ट्यांच्या वाट्यांत दूध-साखर, आणि सगळ्यांना दिला. शकुबाईलाही दिला. शकुबाईनं तो खाल्ला. चांगला घोटलेला होता, एक गाठ नव्हती.

घरी आल्यावर तिनं कावळ्यावर तोंड सोडलं. "मेल्या! वर चढून बसला! तुह्या भरवशावर म्या पोरीचं रुखवत लावलं!"

किसनराव खाटेवर पान लावत बसले होते. "तो वर नाई बांधन तं कुठं बांधन? खाली फांदी हाय का एक तरी?"

"म्हंजे?"

"माघात बैलांच्या कुटाराची गाडी अडकलती ना आपली, दारातून येता येता? तवा म्या तोडल्या मधल्या सगळ्या फांद्या. तू कुठं गेलती का?"

शकुबाई कुठंच गेली नव्हती. फांद्या तुटल्या तेव्हा ती ओसरीत बसून शेंगा निवडत होती. पाला शेळीला तिनंच घातला होता. फांद्या वाळल्यावर चुलीजवळ तिनंच रचल्या होत्या आणि गेला महिनाभर तिच्या घरची भाकरी त्याच फांद्यांवर भाजली जात होती. आता ती झाडाखाली जाऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच कावळा सोडून झाडाकडं पाहिलं. मधला बुंधा सोललेल्या उसासारखा होता.

"तेव्हाच सांगाचं होतं मले!"

"तू इचारलं का?" किसनरावांनी पान तोंडात टाकलं आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवसापासून शकुबाईचा गुडघा दुखू लागला. पाणी आणायला सुलोचना जाऊ लागली. शकुबाई ओसरीत आतल्या बाजूला बसायची, जिथून रस्ता दिसतो पण रस्त्यावरून ओसरी दिसत नाही. त्या दोन-तीन दिवसांत ऊन कडकडीत होतं, आणि एकही बाई आली नाही. विरजण मागायलाही नाही. खाली मानेनं ती चिंचा फोडत बसायची. पलीकडच्या घरची शोभाबाई एकदा दारावरून गेली. शकुबाईनं मान वर केली, पण शोभाबाई थांबली नाही. थोड्या वेळानं कळलं की ती मधुकररावांच्या दुकानात गेली होती, बातम्यांच्या वेळेला.

"सुलोचने, ते तुरळक खरंच कुठं आलं वं?" त्या दुपारी शकुबाईनं विचारलं. सुनेला काहीतरी विचारायची तिची ही पहिलीच वेळ असावी.

सुलोचना स्वयंपाकघराच्या दारात कैरी किसत होती. तिनं हात थांबवला. "आत्याबाई, ते गाव नाई. तुरळक म्हंजे इकडं थोडा, तिकडं थोडा. कुठंबी."

"कुठंबी?"

"हो."

"मंग ते काय सांगनं झालं? असं तं मीबी सांगतो!" शकुबाई संतापली. मग हातातली चिंच फोडून म्हणाली, "तुले तवाच ठाऊक होतं?"

सुलोचनेनं पुन्हा कैरी किसायला घेतली. तेवढ्यात अंगणातून हाक आली, "हायेस का वं घरी?" मंदाबाई होती. हातात झाकलेली वाटी.

शकुबाईनं गुडघा दाबून धरला. "ये. मी म्हटलं, तू आता येतच नाई."

"काऊन नाई येनार? दोन दिवस धोतरंच धुऊन राह्यलो." मंदाबाईनं वाटी पुढं केली. भुसवड्या तळलेल्या होत्या. "खाय. यवढ्याच वाचल्या. तुरळक आंजीतच निघालं पाह्य, माय!" आणि ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

शकुबाई हसली नाही. "चुकलं माह्यं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून निघताना किसनरावांनीसुद्धा कधी ऐकले नव्हते. "नलीचं रुखवत बुडवलं म्या. आता कोनाले काही सांगनार नाई."

"हे पाह्य, पुन्हा भिजवाचे हायेत मले गहू. लग्नाले वेळ हाय अजून. सांग, कवा भिजवू?"

"रेडिओले इचार."

"रेडिओले इचारून काय करू?" मंदाबाई जवळ सरकली आणि आवाज खाली आणला. "अवं, तो चुकला तं त्याले बोलता येते का? बटन फिरवलं का गानं लावते. त्या दिवशी खाटा आत घेतल्यावर माही सासू उठली. मले वाटलं, आता माह्या सात पिढ्या काढते. म्या म्हटलं, शकूबाईनं सांगतलं होतं. बस्स. मले एक शब्द बोलली नाई बुढी. तुले बोलली. जेवेपर्यंत तुलेच बोलली."

"मले?"

"मंग? ह्यायनंबी तसंच. गहू किती गेला, म्हने. म्या म्हटलं, शकूबाईले इचारा. ते काय तुले इचाराले येतात?"

शकुबाईनं गुडघा सोडला. "म्हंजे तुमी मले उन्हासाठी इचारत नाई?"

"चैतात ऊन पडते हे कोनाले ठाऊक नाई वं?" मंदाबाईनं विचारलं. "मागं शोभाचे पापड उडाले वावटळीत, तिनंबी तुह्यंच नाव सांगतलं होतं. तू म्हटलंबी नव्हतं तवा काही. तिचा नवरा महिनाभर तुह्यासंग बोलत नव्हता, आठवते?"

शकुबाईला आठवलं. तिला तेव्हा वाटलं होतं, त्याची बियाण्याची पायली आपण परत केली नाही म्हणून तो बोलत नाही. आता एकामागून एक बरंच काही आठवू लागलं. गल्लीतल्या जिजाबाईच्या सासऱ्यानं देवळात तोंड फिरवलं होतं ते, आणि आणखी कोणी कोणी. इतकी वर्षं गल्लीतल्या साऱ्या लाल कुरडया, तुटलेल्या शेवया आणि बुरशी आलेले सांडगे तिच्या नावावर जमा होत होते आणि तिला पत्ता नव्हता. राग यायला हवा होता. तो येतोय का, याची तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग एक भुसवडी उचलून तोंडात टाकली. खुसखुशीत होती.

"मीठ जास्त झालं," ती म्हणाली.

"झालं असन. सासूले म्हटलं, शकूबाईनं सांगतलं यवढं घालाले."

आता मात्र शकुबाईला हसू आवरलं नाही. दोघी हसल्या, आतून सुलोचनेच्याही हसण्याचा आवाज आला आणि लगेच भांड्याचा आवाज आला. मंदाबाई उठता उठता म्हणाली, "मंग? भिजवू?"

"भिजव," शकुबाई म्हणाली. "अन् पाऊस आला तं सासूले सांगजो, मोठ्यानं सांगजो. माह्यं नाव काय घासते?"

संध्याकाळी किसनराव जेवायला बसले. सुलोचनेनं ताट वाढलं. भाकरी, कांदा, कैरीचा तक्कू, वाटीत वरण. मुलगा वर्धेला गेला होता, परतायचा होता. शकुबाई ओसरीत उंबऱ्याजवळ चिंचेचे गोळे करत बसली होती. किसनरावांनी वरणाचा घास घेतला आणि थांबले.

"काय झालं हे वरणाले? वरन हाय का मिठाचं कोठार?"

सुलोचनेच्या हाताचा अंदाज कधी चुकत नसे. पण दुपारपासून तिला मधूनमधून हसू येत होतं, त्यात बहुतेक दोनदा मीठ पडलं होतं. ती चुलीपाशी उभी राहिली, तिच्या कानांची टोकं लाल झाली. मग ती हळूच म्हणाली, "आत्याबाईनं सांगतलं होतं."

सुलोचनेनं दाराकडं पाहिलं. शकुबाईनं चिंचेचा गोळा हातात फिरवला, एक चिंचोका काढून बाजूला टाकला.

"हो," ती म्हणाली. "म्याच सांगतलं होतं."

"तू? तू कवापासून वरनात लक्ष घालाले लागली?"

"मले जास्त लागते मीठ आताशा. तुमाले नसन खायचं तं तक्कूसंग खा भाकर. पोरीले काऊन बोलता?"

किसनराव पुटपुटले, वरणात पाणी ओतलं आणि जेवू लागले. सुलोचनेनं त्यांना न विचारता आणखी अर्धी भाकरी वाढली. मग पातेलं उतरवून ती ओसरीत आली आणि सासूपासून हातभर अंतरावर बसली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "उद्या चून करू का वांगं?"

"चून कर," शकुबाई म्हणाली. "अन् तिखट पाहून घाल. सगळंच काही मी माह्यावर घेनार नाई."